विमान-अपघातांचे दफ्तर

विमान पडल्याची बातमी आली, की आपण पहिल्याने विचारतो, किती माणसे गेली? दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र हातात पडले, की विचारतो, चूक कोणाची? हे दोन्ही प्रश्न माणसाच्या स्वभावाला धरून आहेत. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु आणखी एक प्रश्न असतो, तो सहसा कोणी विचारीत नाही. असे काही यापूर्वी कोठे घडता घडता राहिले होते काय? आणि राहिले असेल, तर ते कोणाला ठाऊक होते?

आज मला या तिसऱ्या प्रश्नाविषयी तुमच्याशी बोलावयाचे आहे. मी वैमानिक नव्हे, एंजिनियरही नव्हे. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, आणि विमानाशी माझा संबंध तिकीट काढून खिडकीजवळ बसण्यापुरताच. पण दफ्तर कसे ठेवावे, आणि त्यातल्या आकड्यांवरून किती बोलावे व कोठे गप्प बसावे, हा आमच्या विषयाचाच प्रांत आहे. विमानवाल्यांनी या प्रांतात जे केले आणि जे करावयाचे राहिले, ते तुमच्या कानांवर घालण्यासारखे आहे.

१ डिसेंबर १९७४, रविवार. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. वाऱ्याचा जोर इतका, की शहरालगतच्या विमानतळावर उतरणे कठीण. म्हणून ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे एक विमान दूरच्या डलेस विमानतळाकडे वळवण्यात आले. विमानतळ अजून ऐंशी किलोमीटरांच्या सुमारास दूर असताना नियंत्रकाने उतरणीच्या मार्गाला लागण्याची परवानगी दिली. आता या परवानगीचा अर्थ काय? वैमानिकांनी घेतलेला अर्थ असा, की १८०० फुटांपर्यंत खाली यायला हरकत नाही. मध्ये काही आडवे असते तर नियंत्रकाने थोपवले असते. नियंत्रकाची समजूत अशी, की नकाशा वैमानिकाच्या हातात आहे, कोठवर किती उंची राखायची ते तो पाहील. दोघेही आपापल्या समजुतीप्रमाणे नियमानेच वागत होते. ढगांच्या आड माउंट वेदर नावाचा डोंगर उभा होता. विमान त्यावर आदळले, आणि आतली सर्वच्या सर्व ९२ माणसे गेली.

चौकशीत एक गोष्ट बाहेर आली, ती ऐकून कोणाचेही मन विषण्ण व्हावे. सहा आठवडे आधी युनायटेड कंपनीच्या एका विमानाने तीच परवानगी त्याच अर्थाने घेतली होती, आणि त्याच डोंगरावरून ते थोडक्यात निभावले होते. बरे, त्या वैमानिकांनी ही गोष्ट दडवली म्हणावे, तर तसेही नाही. त्यांच्या कंपनीने अशा घटना निर्धास्तपणे कळवण्याची सोय नुकतीच सुरू केली होती. त्यांनी कळवले. कंपनीने आपल्या साऱ्या वैमानिकांना सावध केले. म्हणजे शहाण्या माणसांनी जे करावे ते सगळे झाले. फक्त शेजारच्या कंपनीच्या वैमानिकांच्या कानांवर ते गेले नाही; कारण एका कंपनीतून दुसरीत अशी गोष्ट जाण्याची वाटच कोणी बांधलेली नव्हती.

अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने मग पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, सर्वांसाठी अशी वाट काढली. वैमानिकांनो, नियंत्रकांनो, तुमच्याकडून काही चुकले, काही निसटले, तर आम्हांला कळवा! कळवायचे कोणाला, तर ज्याच्या हातात परवाना आणि दंडाची पावती आहे त्यालाच. अहो, पोलीस चौकीच्या दारात पेटी ठेवून 'आपले अपराध येथे टाकावेत' असे लिहिल्यासारखेच हे झाले. प्रतिसाद कसा मिळाला असेल ते सांगायला नको. तेव्हा १९७६ मध्ये हे काम 'नासा'कडे देण्यात आले. नासा म्हणजे अंतराळवाली संस्था. तिला कोणाचा परवाना काढून घेण्याचा अधिकार नाही, आणि या कामात अधिकार नसणे हेच तिचे भांडवल ठरले.

ही व्यवस्था चालते कशी, ते थोडे तपशिलाने सांगतो. कारण सगळी खुबी तपशिलातच आहे. कळवण्याच्या कागदाच्या वरच्या अंगाला एक पट्टी असते. तिच्यावर कळवणाऱ्याचे नाव आणि पत्ता. कागद आला, की जाणकार मंडळी, आणि त्यांत निवृत्त वैमानिक व नियंत्रक असतात, तो वाचतात. काही विचारावयाचे असेल तर फोन करून विचारून घेतात. मग ती पट्टी फाडून, तिच्यावर तारखेचा शिक्का मारून, ज्याची त्याला टपालाने परत! नावाची नोंद दफ्तरात उरतच नाही. उद्या कोणी हुकूम घेऊन आला तरी त्याला दाखवायला कार्यालयाजवळ काही नाही. उलट ती शिक्क्याची पट्टी वैमानिकाला ढालीसारखी उपयोगी पडते. दहा दिवसांच्या आत कळवलेले असेल आणि चूक जाणूनबुजून केलेली नसेल, तर पुढे नियमभंग सिद्ध झाला तरी शिक्षा लागू करीत नाहीत. प्रत्यक्ष अपघात आणि गुन्हे यांना मात्र ही सवलत नाही, आणि ते योग्यच आहे. आता बहुतेक कागदांची जागा संगणकाने घेतली आहे, परंतु नाव पुसण्याची रीत तीच. आजवर दहा लाखांहून कितीतरी अधिक कागद या दफ्तरात जमा झाले. ब्रिटनने १९८२ मध्ये याच धर्तीवर आपली व्यवस्था उभी केली.

आता तुम्ही म्हणाल, इतक्या बारीकसारीक गोष्टी कशाला गोळा करावयाच्या? अपघात मोजावेत, म्हणजे कोण सुरक्षित आणि कोण नाही ते कळेलच की! येथे मला थोडा आमच्या वर्गातला फळा पुढे ओढावा लागेल. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२३ या सबंध वर्षात जगभरच्या नियमित वाहतुकीत साडेतीन कोटींच्या घरात उड्डाणे झाली, आणि प्राणहानी झालेला अपघात एक. नेपाळात पोखरा येथे जानेवारीत झाला तो, ज्यात ७२ माणसे दगावली. सुदैवाने अपघात इतके विरळ झाले आहेत. आता समजा, एक कंपनी वर्षाला एक लाख उड्डाणे करते, आणि तिच्यात धोका असा, की दहा लाख उड्डाणांमागे एक अपघात व्हावा. दुसरी कंपनी तेवढीच उड्डाणे करते, पण तिच्यात धोका नेमका दुप्पट. पाच वर्षांनी दोघींची दफ्तरे उघडली. पहिलीची पाटी कोरी असण्याचा संभव शंभरांत ६१. आणि दुप्पट धोक्याच्या दुसरीची? शंभरांत ३७! म्हणजे दर तीनांत एकीहून अधिक वेळा ती धोक्याची कंपनीही छाती पुढे काढून सांगणार, 'पाच वर्षांत आमच्याकडे एकही अपघात नाही.' आणि ते खरेही असणार. अपघात मोजून दोघींतला फरक कळायला दशके जातील, आणि तेवढ्या अवधीत विमाने बदलतील, वैमानिक बदलतील, कंपनीचे नावही बदललेले असेल. तेव्हा अपघातांच्या आधीच्या पायरीवरच्या गोष्टी मोजल्यावाचून गत्यंतर नाही.

मोजायचे ठरले, की शब्दांचा प्रश्न येतो. अपघात म्हणजे काय, हेच पाहा ना. १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या करारनाम्याचे तेरावे जोडपत्र प्रथम मंजूर केले; त्याच्या आजच्या स्वरूपात अपघाताची व्याख्या अशी, की उड्डाणाच्या हेतूने पहिला माणूस विमानात चढल्यापासून सगळे उतरेपर्यंतचा काळ धरायचा, आणि तीस दिवसांच्या आत जो दगावेल तो मृतांत मोजायचा. एकतिसाव्या दिवशी गेलेला आकड्यांत येत नाही. हे निष्ठुर वाटते, परंतु मुंबईचा आकडा आणि मेलबर्नचा आकडा शेजारीशेजारी मांडायचा तर कोठेतरी रेघ ओढावीच लागते. १९७६ पासून ही संघटना देशोदेशींचे अपघात ठरावीक साच्यात मागवून घेते. युरोपातील देशांनी पुढे त्याच साच्यावर आपली संगणकाची यंत्रणा बसवली. साचा एक असला तरच 'धावपट्टी सोडून जाणे' या नावाखाली जगातल्या साऱ्या घटना एका ठिकाणी सापडतात. नाहीतर एकाच्या वहीत ती 'घसरण', दुसऱ्याच्या वहीत 'ब्रेक निकामी' आणि तिसऱ्याच्या वहीत 'पाऊस'.

नेमका शब्द लिहिण्याने काय साधते, याचे एक उदाहरण मला फार आवडते. ४ ऑक्टोबर १९६० रोजी अमेरिकेत बॉस्टन येथे एक विमान उडताच पक्ष्यांच्या थव्यात शिरले आणि कोसळले. ६२ माणसे गेली. 'पक्षी आदळले' एवढे लिहून वही मिटता आली असती. परंतु एंजिनातली पिसे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात पाठवण्यात आली. तेथे रॉक्सी लेबोर्न नावाच्या विदुषी होत्या. त्यांनी पिसांच्या तुकड्यांवरून ओळखले, की हे स्टार्लिंग. आपल्या साळुंकीच्या कुळातले, हाताच्या ओंजळीत मावतील एवढे पक्षी. त्यांचा थवा चार एंजिनांचे विमान पाडू शकतो, हे कळल्यावर एंजिने किती पक्षी गिळूनही चालू राहिली पाहिजेत याच्या चाचण्या ठरवता आल्या. तळ्यावर येणारा पक्षी निराळा, कचऱ्यावर येणारा निराळा, गवतातल्या किड्यांसाठी येणारा निराळा. 'पक्षी' एवढेच लिहिलेले असेल, तर विमानतळाच्या व्यवस्थापकाने तळे बुजवावे, की कचरा हलवावा, की गवत कापावे? त्या संग्रहालयात आजही विमानांवर सापडलेली पिसे तपासली जातात.

या दफ्तरांत 'कारण' नावाचा एक रकाना असतो. माझ्या मते सर्वांत जपून भरायचा तो हाच. २ मे १९५३ रोजी कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून ब्रिटिश कंपनीचे एक कोमेट विमान उडाले. जेट विमानांची प्रवासी वाहतूक सुरू होऊन त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते. थोड्याच मिनिटांत वैशाखी वादळात विमानाचे तुकडे झाले. ४३ माणसे गेली. आपल्याकडेच चौकशी झाली, आणि निष्कर्ष निघाला, की वादळाच्या तडाख्यात विमानाची बांधणी मोडली. वादळ होतेच; कारण पटण्यासारखे होते. पुढे १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ दुसरे कोमेट आकाशातच फुटले. तेथे वादळ नव्हते. उड्डाणे थांबवली, अंदाजाने दुरुस्त्या केल्या, दहा आठवड्यांनी पुन्हा सुरू केली, आणि ८ एप्रिलला तिसरे गेले. मग इंग्लंडात फार्नबरो येथे एक सबंध कोमेट पाण्याच्या टाकीत बसवून त्याच्या पोटात पुन्हा पुन्हा दाब भरण्यात आला. प्रत्यक्ष उड्डाणे आणि टाकीतली 'उड्डाणे' मिळून ३०५७ झाली, तेव्हा पत्रा फाटला. धातू थकला होता. कलकत्त्याच्या विमानातही तेच झाले होते असे मी म्हणत नाही. परंतु रकाना एकच असला, की पहिले पटणारे कारण त्यात जाऊन बसते आणि दुसऱ्याला जागा उरत नाही. अलीकडचे अहवाल म्हणूनच संभाव्य कारणाखाली साहाय्यक कारणेही लिहितात. हा बदल लहान दिसतो, पण मोलाचा आहे.

याच कोमेटच्या चर्चेतून ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड वॉरन यांना वैमानिकांचे बोलणे टिपून ठेवणाऱ्या यंत्राची कल्पना सुचली. त्याला आपण काळी पेटी म्हणतो, असते नारिंगी. तिच्याबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलेले आहे. तेव्हा तिच्या एका कमी ऐकलेल्या भावंडाविषयी सांगतो. रोजच्या सुखरूप झालेल्या उड्डाणाचीही वेग, उंची, धक्का अशी शेकडो मापे विमानात टिपली जातात, आणि ती विमान उतरल्यावर काढून वाचता येतात. आपल्याकडच्या कंपन्यांनाही ही मापे तपासावी लागतात. यांतून काय दिसू शकते, ते पाहण्यासाठी आपल्याच देशातले दोन अपघात एकापुढे एक ठेवू.

२२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून आलेले विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर टेकले, ते ८०३३ फुटांपैकी सुमारे ५२०० फूट मागे टाकून. ते दरीत गेले. १५८ माणसे गेली. हवाई दलाचे निवृत्त उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. तिच्यात असे निघाले, की सहवैमानिकाने तीन वेळा सुचवले होते, उतरू नका, पुन्हा वर चला. ७ ऑगस्ट २०२० रोजी भर पावसात दुबईहून आलेले दुसरे विमान, त्याच कंपनीचे, कोळिकोडच्या तशाच माथ्यावरच्या धावपट्टीवर ८८५८ फुटांपैकी ४४३८ फूट मागे टाकून टेकले. तेही खाली गेले. २१ माणसे गेली. तेथेही सहवैमानिकाने वर चला म्हटले होते. अहवालाने वैमानिकाच्या निर्णयाला दोष दिलाच. पण त्याबरोबर हेही नमूद केले, की अशा तऱ्हेचे अपघात व घटना वारंवार होत राहिल्या आहेत, आणि त्यावरून व्यवस्थेतले दोष दिसतात.

एवढ्या लांब टेकणे हे काही त्या दोन दिवशींच प्रथम घडले असेल काय? संख्याशास्त्राच्या माणसाला ते पटणे कठीण. ज्या दिवशी धावपट्टी लांब होती, कोरडी होती, त्या दिवशी असेच टेकून विमान सुखरूप थांबले असणार, आणि प्रवाशांनी उतरताना हवाई सुंदरीला हसून नमस्कारही केला असणार. ती टेकण्याची जागा यंत्राने टिपलेली असते. फक्त ती सगळ्या कंपन्यांची एकत्र मांडून, 'अमुक धावपट्टीवर पावसाळ्यात शंभरांतली इतकी विमाने निम्म्याच्या आसपास टेकतात' असे कोणी सांगायला हवे. अमेरिकेत २००७ पासून अशी सामायिक मांडणी होते, आणि सांभाळायला ती एका त्रयस्थ, ना-नफा संस्थेकडे दिलेली आहे.

येथे एक धोक्याची सूचना. समजा कंपनीने फक्त एकच माप उचलले, टेकताना बसलेला धक्का. आणि धक्का जास्त बसला की वैमानिकाला बोलावून खडसावायचे, असा प्रघात पाडला. वैमानिक काय करील? तो विमान हळुवार टेकवू लागेल. म्हणजेच तरंगत तरंगत आणखी पुढे जाऊन टेकवील. दफ्तरातला धक्का कमी होईल, आणि धावपट्टी मागे पडेल. माप शिक्षेसाठी वापरू लागलो, की माणसे मापाला खूश ठेवतात. हे केवळ विमानांपुरते नाही, पण आज विमानांपुरतेच राहू द्या.

माझे मत विचाराल, तर आपल्याकडे सर्वांत उणे आहे ते हे. २०१२ च्या नियमांनी अपघातांच्या तपासासाठी निराळा विभाग निर्माण झाला. त्यापूर्वीच्या मानाने ही मोठी प्रगती. दिल्लीत काळ्या पेट्या उघडण्याची प्रयोगशाळाही आता झाली आहे. पण आपली चूक आपण होऊन कळवायची, तर ती आजही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, आणि परवाना व शिक्षा ह्यांची सत्ताही त्यांचीच. गुप्ततेचे आश्वासन असते, अधिकाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु रात्री दोन वाजता थकून उतरलेल्या सहवैमानिकाने, किंवा हत्यार मोजताना एक पाना कमी भरलेल्या मेकॅनिकने, कागद घेऊन त्याच खिडकीशी जावे अशी अपेक्षा धरणे म्हणजे १९७५ च्या अमेरिकन खात्याने धरली तीच. नासासारखी पट्टी फाडून परत देणारी एखादी त्रयस्थ संस्था, मग ते विद्यापीठ असो की संशोधनशाळा, येथेही उभी करता येईल. खर्चाच्या दृष्टीने ही बाब एका विमानाच्या एंजिनापुढे किरकोळ आहे.

आणि कळवलेले, तपासलेले, छापलेले शेवटी पोहोचते कोठे? १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेस विमान कोसळले. विमानातली २४१ आणि जमिनीवरची १९ अशी २६० माणसे गेली. महिन्याभराने निघालेल्या प्राथमिक अहवालात एक नोंद आहे, की इंधन बंद-चालू करण्याच्या खटक्यांच्या अडसराविषयी अमेरिकन खात्याने २०१८ मध्ये एक माहितीपत्रक काढले होते, पण ते सल्ल्याच्या स्वरूपाचे असल्यामुळे त्यात सुचवलेली तपासणी कंपनीने केलेली नव्हती. या गोष्टीचा अपघाताशी संबंध असल्याचे तो अहवाल म्हणत नाही, आणि मीही म्हणत नाही. तरीपण सल्ला, शिफारस, सूचना आणि हुकूम यांतले कोणते कागद कोणाच्या मेजावर किती दिवस राहतात, याची वही हवी, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

तेराव्या जोडपत्रात त्याचीही तरतूद आहे. ज्या देशाला शिफारस पाठवली, त्याने ९० दिवसांत उत्तर द्यायचे, की काय केले, काय करणार, किंवा का करणार नाही. अमेरिकेतले चौकशी मंडळ तर आलेल्या उत्तरावर शेरा मारते, समाधानकारक वा असमाधानकारक, आणि तो शेरा सर्वांना वाचता येतो. आपला मंगळूरचा अहवालही आज कोणीही वाचू शकतो. वाचावा असाच तो आहे. त्याच्या अखेरच्या पानांवर शिफारशी आहेत. त्या वाचताना हातात पेन्सिल घेऊन प्रत्येकीसमोर समासात तारीख लिहावीशी वाटते, ही अमुक दिवशी अमलात आली म्हणून. त्या तारखा एका जागी मिळत नाहीत. मला त्या पाच ठिकाणच्या परिपत्रकांतून गोळा कराव्या लागल्या, आणि अजून काही समास कोरेच आहेत.